माउंट मेरी चर्च, वांद्रे

मुंबईच्या पश्चिम उपनगरातील वांद्रे येथील टेकडीवर, अरबी समुद्राच्या सन्मुख उभे असलेले रोमन कॅथलिक पंथाचे प्रसिद्ध प्रार्थनामंदिर व यात्रास्थान. ‘बॅसिलिका ऑफ अवर लेडी ऑफ द माउंट’ हे त्याचे विधिवत नाव. पोर्तुगीज अमदानीत ते ‘नोस्सा सेन्योरा दो मोंती’, म्हणजे ‘पर्वतावरील आमची स्वामिनी’, या नावाने ओळखले जाई. स्थानिक कोळी व आगरी लोक त्यास ‘मोत माउली’ म्हणतात. यातील ‘मोत’ हा शब्द पोर्तुगीज ‘मोंती’चा अपभ्रंश असावा, इंग्रजी ‘माउंट’पासूनही त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते. ‘माउली’ हा शब्द मात्र अस्सल मराठी आहे. विठ्ठलाला व ज्ञानेश्वरांना ज्या शब्दाने मराठी माणूस हाक मारतो, तोच शब्द येथील कोळ्यांनी परदेशातून आलेल्या मूर्तीला बहाल केला, ही गोष्ट या स्थानाचा इतिहास समजून घेताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या चर्चचा उल्लेख पुष्कळदा ‘कॅथीड्रल’ असा केला जातो. तो बरोबर नाही. ज्या चर्चमध्ये धर्मप्रांताच्या बिशपचे पीठ असते, त्यालाच कॅथीड्रल म्हणतात. मुंबईच्या आर्चबिशपांचे कॅथीड्रल कुलाबा भागातील ‘होली नेम’ हे आहे. माउंट मेरी हे ‘बॅसिलिका’ आहे, म्हणजे पोपने विशेष बहुमान दिलेले चर्च होय. अधिकाराच्या दृष्टीने ते कॅथीड्रलच्या खाली असले, तरी लोकमानसातील स्थानाच्या दृष्टीने मुंबई परिसरातील दुसरे कोणतेही चर्च त्याच्या बरोबरीला येत नाही.

विद्यमान इमारत १९०४ मध्ये पूर्ण झाली. ती जेथे उभी आहे, त्या स्थानाचा इतिहास मात्र सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मागे जातो. या काळात येथील वास्तू लुटली गेली, भग्न झाली, पार जमीनदोस्त झाली आणि पुनःपुन्हा उभारली गेली. आपत्तींतून वारंवार सावरलेली ख्रिस्ती प्रार्थनामंदिरे जगात इतरत्रही आहेत. फिलिपीन्समधील मानिला येथील कॅथीड्रल १६४५ व १८६३ च्या भूकंपांत कोसळले, १९४५ च्या युद्धात उद्ध्वस्त झाले आणि १९५८ मध्ये पुन्हा उभे राहिले. तेथे निसर्गाचा हात मोठा होता. वांद्र्याच्या टेकडीवर निसर्गापेक्षा माणसाचे राजकारण अधिक विध्वंसक ठरले, आणि त्याचे कारण त्या टेकडीच्या भौगोलिक स्थानात आहे.

आज भरावामुळे व पुलांमुळे वांद्रे व मुंबई ही एकच नगरी झाली आहे. पूर्वी मुंबईची सात बेटे वेगळी होती आणि वांद्रे हे साष्टी बेटाचे दक्षिण टोक होते. मध्ये माहीमची खाडी होती. खाडीच्या मुखावर, पश्चिमेस समुद्रात घुसलेल्या भूशिरावर ही टेकडी आहे. ती ज्याच्या ताब्यात असेल, त्याला खाडीतून जाणारे प्रत्येक गलबत दिसे आणि पलीकडील माहीमचा किल्ला तोफांच्या टप्प्यात आणता येई. म्हणूनच टेकडीच्या पायथ्याशी पोर्तुगीजांनी तटबंदी बांधली आणि तटबंदीच्या जवळ असल्यामुळेच माथ्यावरील प्रार्थनामंदिर प्रत्येक लढाईच्या वाटेत आले. चर्चच्या दैवाची गाठ किल्ल्याच्या दैवाशी बांधली गेली होती. किल्ला पडला तो कायमचा. चर्च मात्र पुन्हा बांधले गेले.

गुजरातच्या बहादुरशहाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहान्वये वसई व तिच्या अखत्यारीतील बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. या भूभागाला पोर्तुगीज ‘उत्तरेचा प्रांत’ म्हणत व वसई हे त्याचे मुख्य ठाणे होते. राजसत्तेपाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांचे धर्मगुरू आले. वांद्रे व त्याच्या आसपासचा प्रदेश हे जेझुइटांचे क्षेत्र होते. त्यांच्यापैकी मानुएल गोमिश या धर्मबंधूने येथील कोळ्यांत व शेतकऱ्यांत मोठ्या प्रमाणावर धर्मप्रसार केला. ‘साष्टीचा प्रेषित’ असे त्याला म्हटले जाते. समुद्रकाठचे सेंट अँड्र्यूज चर्च (१५७५) त्याच्याच खटपटीतून उभे राहिले. पुढे १६२० च्या सुमारास जेझुइटांनी सेंट अ‍ॅन हे विद्यालय बांधले. जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने १६७५ मध्ये त्यास भेट दिली. विद्यालयाची वास्तू आपल्याकडील विद्यापीठांतील इमारतींच्या तोडीची असल्याचे त्याने नमूद केले आहे आणि तिच्या रक्षणासाठी सात तोफा होत्या, हेही त्याने टिपले आहे. धर्मपीठ आणि तोफखाना यांचे हे सान्निध्य त्या काळच्या किनारपट्टीवर नवलाचे नव्हते.

धर्मप्रसाराची ही कहाणी एकरंगी नाही. पोर्तुगीज सत्तेखाली अनेक देवालये पाडली गेली वा त्यांचे रूपांतर झाले. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या प्राचीन शैव लेण्यात चर्च स्थापन झाले आणि लेण्याच्या माथ्यावर ख्रिस्ती वास्तू उभी राहिली. तिचे भग्नावशेष आजही दिसतात. पुढे १७३७–३९ मध्ये मराठ्यांच्या मोहिमेला जो लोकाश्रय मिळाला, त्यामागे या गोष्टींचा सल होता. त्याचबरोबर हेही खरे, की दोन शतकांच्या अवधीत येथे जो ख्रिस्ती समाज निर्माण झाला, तो भाषेने, पेहरावाने व चालीरीतींनी बव्हंशी येथलाच राहिला. वांद्र्याच्या चिंबई, रानवार, शेर्ली, राजन या जुन्या वस्त्यांतील कुटुंबांची बोली मराठीचीच एक शाखा होय. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. कंपनी सरकारचे आपण जुने प्रजाजन आहोत, हे गोव्याहून व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांच्या तुलनेत ठसविण्याचा त्यामागे हेतू होता. नाव इंग्रजी असले, तरी समाज उत्तर कोकणातला आहे.

टेकडीवरील पहिले प्रार्थनास्थान म्हणजे जेझुइटांनी सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली मातीची एक लहानशी खोली होती, असे परंपरा सांगते. मेरीची लाकडी मूर्ती पोर्तुगालहून आणून तेथे स्थापन करण्यात आली. १६४० मध्ये भूशिराच्या टोकास पोर्तुगीजांनी टेहळणीची गढी बांधली. तिला ‘कास्तेला दे आग्वादा’ म्हणतात. ‘आग्वादा’ म्हणजे गोड्या पाण्याची जागा. येथील झऱ्यावर ये-जा करणारी गलबते पाणी भरून घेत. गढीवरील शिबंदीच्या उपासनेसाठी टेकडीवरील स्थानाला महत्त्व आले व तेथे पक्के चर्च झाले. प्रारंभी ते सैनिकांचे व खलाशांचे चर्च होते, ही बाब त्याच्या आजच्या स्वरूपाकडे पाहता सहज विसरली जाते.

या किनाऱ्यावरील नैसर्गिक आपत्तींपैकी १५ मे १६१८ चे चक्रीवादळ सर्वांत भीषण होय. त्या वर्षी वसई प्रांतात आधी रोगाची साथ आली. पाठोपाठ आलेल्या वादळाने समुद्राचे पाणी वसई शहरात घुसविले. फ्रान्सिस्कन व ऑगस्टिनियन मठ उद्ध्वस्त झाले, मोठमोठ्या चर्चची छपरे उडाली आणि हजारो माड उन्मळून पडले. मुंबईच्या बंदरात सुमारे साठ गलबते बुडाल्याचे आणि आगाशी येथे वाऱ्याने उचललेले एक छोटे जहाज एका घरावर आदळून आत मायलेकरे ठार झाल्याचे समकालीन वृत्तांत सांगतात. वादळानंतर पावसाने दगा दिला व दुष्काळ पडला. तो इतका कडक होता, की आईबाप मुलांना गुलामांच्या दलालांना विकू लागले. जेझुइटांनी स्वतःच्या तुटपुंज्या शिध्यातून व धनिकांच्या देणग्यांतून ही विक्री थांबविली. उत्तर कोकणातील चर्चच्या जाड भिंती व ठेंगण्या, भक्कम बांधणीकडे पाहताना त्यांचे बांधकाम करणाऱ्या पिढ्यांनी असल्या वादळांचा अनुभव घेतला होता, हे आठवावे.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या सागरी सत्तेला सर्वांत मोठे आव्हान ओमानच्या अरबांकडून मिळाले. याअरिबी घराण्याच्या अमदानीत त्यांनी १६५० मध्ये मस्कत पोर्तुगीजांकडून जिंकले. १६६८ मध्ये त्यांनी दीव लुटले, १६७४ मध्ये वसईच्या तटाबाहेरील चर्च लुटली आणि १६९८ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मोंबासाचा किल्ला घेतला. याच संघर्षाच्या ओघात १७०० मध्ये मस्कतच्या अरबांनी वांद्र्यावर हल्ला करून टेकडीवरील चर्च लुटले, असे परंपरेने सांगितले जाते. मेरीच्या मूर्तीच्या हातातील सोनेरी वस्तू खऱ्या सोन्याची आहे, या समजुतीने लुटारूंनी मूर्तीचा उजवा हात तोडला. इतक्यात मधमाश्यांचा थवा त्यांच्यावर तुटून पडला व ते पळून गेले, अशी कथा आहे. मधमाश्यांनी शत्रूला पळविल्याच्या आख्यायिका आपल्याकडील देवस्थानांच्या स्थलपुराणांतही आढळतात. कथा सांगणारे लोक एकाच मातीतले होते, एवढाच त्याचा अर्थ.

मूर्ती भंगल्यामुळे काही काळ तिच्या जागी दुसरी मूर्ती ठेवावी लागली. ही दुसरी मूर्ती समुद्रातून आली, असे कोळी लोक सांगतात. एका कोळ्याला स्वप्नात दृष्टांत झाला व त्याप्रमाणे समुद्रात त्याला मूर्ती सापडली. ही घटना १७०० ते १७६० या काळातील असल्याचे सामान्यतः मानले जाते. जेझुइटांच्या १६६९ च्या वार्षिक पत्रात मात्र अशाच घटनेचा निर्देश येतो. तो ग्राह्य धरल्यास मूर्तीची प्राप्ती अरबांच्या हल्ल्यापूर्वीची ठरते आणि मूळच्या दोन स्वतंत्र कथा पुढे एकत्र गुंफल्या गेल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. समुद्रातून आलेली मूर्ती पुढे सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये नेण्यात आली. खलाशांची रक्षणकर्ती म्हणून तेथे तिची पूजा होते. दृष्टांत आणि पाण्यातून मूर्तीचे प्रकट होणे हा कथाबंध महाराष्ट्रातील देवतांच्या उत्पत्तिकथांशी इतका जुळतो, की धर्मांतर झाले तरी कोळ्यांची श्रद्धेची घडण कायम राहिली, याचा त्याहून चांगला पुरावा सापडणे कठीण.

या चर्चच्या इतिहासातील सर्वांत मोठा आघात १७३८–३९ मधील होय. बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा कोट घेतला व साष्टी बेटाचा बहुतेक भाग व्यापला. वांद्रे, वेसावे यांसारखी किनाऱ्यावरील ठाणी काही काळ पोर्तुगीजांकडे राहिली. वांद्रे मराठ्यांच्या हाती पडल्यास तेथील तोफा माहीमवर रोखल्या जातील, ही मुंबईच्या इंग्रजांना धास्ती होती. त्यांनी पोर्तुगीजांकडे वांद्र्याची तटबंदी पाडून टाकण्याचा आग्रह धरला. त्याप्रमाणे आग्वादाची गढी निकामी करण्यात आली आणि सेंट अ‍ॅन विद्यालयाची भव्य वास्तू जमीनदोस्त झाली. टेकडीवरील चर्चही याच धामधुमीत नष्ट झाले. हा विध्वंस मराठ्यांनी केला, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. ती तपासून पाहण्यासारखी आहे, कारण वांद्र्याच्या तटबंदीचा व विद्यालयाचा नाश हा शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून मित्रांनी केलेला नाश होता.

वसईचा किल्ला तीन महिन्यांच्या निकराच्या वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये शरण आला. दोन्ही बाजूंची मनुष्यहानी मोठी होती. वेढ्यात पोर्तुगीज सेनानी मार्तिन्यो दा सिल्व्हेरा मारला गेला. शरणागतीच्या अटींत पोर्तुगीजांना आपली चीजवस्तू घेऊन निघून जाण्याची, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला स्वधर्माचरणाची आणि काही मोजकी चर्च राखण्याची मुभा देण्यात आली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचा सांभाळ करण्याचे काम गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील देशी धर्मगुरूंकडे आले. गोव्यात काय किंवा कोकणात काय, वरच्या धर्माधिकारपदांपासून देशी धर्मगुरूंना तोवर दूरच ठेवण्यात आले होते. पराभवाने त्यांना जबाबदारी दिली आणि ती त्यांनी निभावली. विस्कळीत झालेल्या समाजाला धरून ठेवण्याच्या त्यांच्या कामगिरीची इतिहासग्रंथांतून व्हावी तितकी दखल घेतली गेलेली नाही.

वसई मोहिमेतील विजयचिन्ह म्हणून चर्चच्या घंटा मराठ्यांनी घाटावर आणल्या व त्या देवालयांना अर्पण करण्यात आल्या. भीमाशंकर येथील घंटा, नाशिकच्या नारोशंकर मंदिराची १७२१ हे साल कोरलेली घंटा आणि वाईजवळ मेणवली येथे नाना फडणीसांच्या घाटावरील १७०७ ची घंटा ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. मेणवलीच्या घंटेवर बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. ती पुसून टाकण्याचा प्रयत्न झालेला नाही. विजेत्यांनी त्या घंटा वितळवून तोफा ओतल्या नाहीत. त्यांना घंटा म्हणूनच देवापुढे टांगले, हे लक्षणीय आहे.

साष्टी बेट १७३९ पासून १७७४ पर्यंत पेशव्यांच्या अमलाखाली होते. याच काळात, १७६०–६१ मध्ये, टेकडीवरील चर्च पुन्हा बांधले गेले. या तारखेकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पोर्तुगीज सत्ता जाऊन दोन दशके लोटली होती. ज्या जेझुइटांनी हे स्थान स्थापिले होते, त्यांच्या संघावर पोर्तुगालने १७५९ मध्ये बंदी घातली होती व गोव्यातील त्यांची मालमत्ता जप्त झाली होती. गढीवर शिबंदी उरली नव्हती. म्हणजे राजाश्रय, संघाश्रय आणि मूळचा सैनिकी उपयोग हे तिन्ही आधार नाहीसे झाले असताना, हिंदू राजवटीत, स्थानिक कोळी व शेतकरी यांनी आणि त्यांच्या देशी धर्मगुरूंनी हे चर्च उभारले. लष्करी चर्चचे लोकांच्या देवस्थानात रूपांतर झाले ते या वेळी. जुनी भंगलेली मूर्ती दुरुस्त करून पुन्हा मुख्य वेदीवर बसविण्यात आली. तुटलेला हात झाकला जावा, म्हणून बालयेशूची मूर्ती तिच्या हाती देण्यात आली, असे सांगतात. याच सुमारास, १७६१ च्या जानेवारीत, पानिपतावर मराठ्यांचा दारुण पराभव झाला. साष्टीतल्या एका टेकडीवरील बांधकामाची त्या धामधुमीत पुण्याला कोणी फारशी दखल घेतली असण्याचा संभव कमी.

सर्वत्र असे घडले नाही. वसई किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्च हे त्या शहरातील मुख्य चर्च होते. पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याच्या आज्ञेने १५४६ च्या सुमारास ते स्थापन झाले आणि गोव्याचे आर्चबिशप आलेइशू दे मेनेझिश यांच्या कारकीर्दीत १६०१ मध्ये त्याची पुनर्रचना झाली, असे त्याच्या दारावरील शिलालेख सांगतो. त्याचा मनोरा अद्याप उभा आहे. पण तेथील वस्ती उठली आणि चर्चला पुन्हा छप्पर लाभले नाही. जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तोही पुन्हा बांधला गेला नाही. पुढे ती राजधानीच ओस पडली. भग्न वास्तू पुन्हा उभी राहते ती तिच्याभोवती माणसे राहिली तर. वसईच्या कोटातील रहिवासी मुख्यतः पोर्तुगीज होते, ते निघून गेले. वांद्र्याचे कोळी कोठे जाणार होते?

इंग्रजांनी २८ डिसेंबर १७७४ रोजी ठाण्याचा किल्ला घेऊन साष्टी बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने तो ताबा पक्का झाला. त्यानंतर चर्चवर लष्करी संकट आले नाही. वांद्रे मात्र पुष्कळ काळ मुंबईपासून अलग राहिले. माहीमची खाडी तरीने ओलांडावी लागे व पावसाळ्यात होड्या उलटून जीवितहानी होई. सरकार पुलाचा खर्च उचलण्यास तयार नव्हते. अखेर सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी दीड लाखांहून अधिक रुपये देणगीदाखल दिले व माहीमचा बांधरस्ता १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १८६७ मध्ये मुंबई–बडोदा रेल्वेची उपनगरी वाहतूक सुरू झाली. या दोन गोष्टींनी टेकडीवरील यात्रेचे स्वरूप पालटले. साष्टीतल्या कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या जत्रेला आता मुंबई शहरातून गोवेकर, पारशी, हिंदू व मुसलमान भाविक येऊ लागले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची साथ सुरू झाली व अल्पावधीत ती उपनगरांत पसरली. वांद्र्याच्या गल्लीबोळांतून आज जे लहानमोठे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक या साथीत संरक्षण मिळावे म्हणून अथवा साथ ओसरल्याच्या कृतज्ञतेने उभारलेले आहेत. शहरात जागा दाट व धोक्याची झाल्याने अनेक कुटुंबे वांद्र्यास येऊन राहिली. लोकवस्ती वाढली आणि अठराव्या शतकातील चर्च अपुरे पडू लागले. या पार्श्वभूमीवर नव्या वास्तूचा संकल्प झाला.

नवे चर्च १९०२ ते १९०४ या काळात बांधले गेले. शापूरजी चंदाभाई हे पारशी वास्तुविशारद त्याचे शिल्पकार होत. खर्च सुमारे एक लाख रुपये आला. वास्तूची शैली गॉथिक वळणाची आहे. दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंस टोकदार शिखरांचे मनोरे असून कमानी निमुळत्या आहेत. बांधकाम दगडी आहे. आतील भिंतींवर मेरीच्या जीवनातील प्रसंगांची चित्रे आहेत. मुख्य वेदीवर उंचावर जुनी लाकडी मूर्ती विराजमान असून तिला जरतारी वस्त्रे नेसवितात. चर्चच्या समोर रस्त्यापलीकडे पायऱ्यांच्या माथ्यावर फातिमा मातेचे प्रार्थनास्थान आहे. पोर्तुगीज बांधणीचा कोणताही ठसा विद्यमान इमारतीत उरलेला नाही. वास्तुकलेच्या निव्वळ निकषांवर तिला मुंबईतील अव्वल दर्जाच्या गॉथिक इमारतींत स्थान देता येणार नाही. तिचे खरे सौंदर्य जागेत आहे. समुद्रावरून पाहिले असता हिरव्या टेकडीवर दिसणारे जुळे मनोरे ही कोळ्यांची अनेक वर्षांची दिशाखूण होती. उंच इमारतींनी ती आता बरीच झाकली गेली आहे.

बांधकामाच्या वेळी वांद्र्यावरील धर्माधिकार मुंबईच्या आर्चबिशपांकडे नव्हता. आशियातील चर्चवर पोर्तुगालच्या राजाला असलेल्या आश्रयाधिकाराला ‘पाद्रोआदो’ म्हणत. या अधिकारावरून पोर्तुगाल व रोम यांच्यात दीर्घकाळ तंटा चालला आणि त्यापायी मुंबईच्या ख्रिस्ती समाजात दोन तट पडले होते. १८८६ च्या करारानुसार दमणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापण्यात येऊन साष्टी त्यात घालण्यात आली. हा धर्मप्रांत १९२८ मध्ये मुंबईत विलीन झाला, तेव्हा माउंट मेरी मुंबईच्या आर्चबिशपांच्या अधिकारात आले. म्हणजे ब्रिटिश राजवटीच्या ऐन भरात, पारशी शिल्पकाराने उभारलेल्या या चर्चची धर्मव्यवस्था पोर्तुगीज आश्रयाखालील बिशपकडे होती. असला गुंता या किनाऱ्याच्या इतिहासात पावलोपावली भेटतो.

पोप बारावे पायस यांनी १९५४ या मेरी-वर्षात या चर्चला बॅसिलिकेचा दर्जा दिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबईत भरलेल्या मेरी-परिषदेच्या वेळी पोपचे प्रतिनिधी या नात्याने कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हस्ते मूर्तीला मुकुट अर्पण करण्यात आला. ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप व पहिले भारतीय कार्डिनल होत.

मेरीचा जन्मदिन ८ सप्टेंबर हा आहे. त्यानंतर येणाऱ्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवर जत्रा भरते. जत्रेत मेणाच्या वस्तू वाहण्याची प्रथा आहे. आजारी अवयव बरा व्हावा म्हणून मेणाचा हात, पाय वा डोळा, अपत्यासाठी मेणाचे बाळ, निवाऱ्यासाठी मेणाचे घर वाहतात. दुकानांतून अलीकडे मेणाची विमाने व पारपत्रेही विकली जातात. परदेशी नोकरीची आस धरणाऱ्यांचा हा नवस होय. अवयवांच्या प्रतिकृती वाहण्याची रीत भूमध्यसागरी ख्रिस्ती देशांत आहे, तशीच ती कोकणातील देवस्थानांतही चांदीच्या डोळ्यापाळण्यांच्या रूपाने आहे. येथे दोन्ही प्रवाह मिळाले. जत्रेतील बहुसंख्य भाविक ख्रिस्ती नसतात, हे पूर्वीपासून नमूद केले गेले आहे. मासेमारीच्या हंगामाला नुकताच प्रारंभ झालेला असल्याने कोळी कुटुंबे आवर्जून येतात. गोड पदार्थ, खाजे, चणे यांची दुकाने मांडली जातात. कोविडच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षी जत्रा भरू शकली नाही. २०२२ पासून ती पुन्हा पूर्ववत सुरू झाली.

आग्वादाच्या गढीचे अवशेष भूशिराच्या टोकास आहेत. तिची प्रवेशकमान व तटाचा काही भाग राखण्यात आला असून त्याखाली उद्यान केले आहे. गढीच्या कमानीवर १६४० हे साल कोरलेले आहे. तेथून टेकडीचा माथा चढून जाण्यास पायी थोडा वेळ लागतो.